तीन पाण्यांची मासळी

१९८३ सालचे गणपती नुकतेच गेले होते. मुलुंड पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात, विळीशेजारी माझा जन्म झाला. मित्रांनो, मी एक जुनी लाकडी मासळी आहे. मला खवले नाहीत, काटे नाहीत आणि मला आजवर कुणी तळलेलं नाही. माझं काम पाण्यात जाऊन खऱ्या माशांना चकवण्याचं. माझ्या पोटाखाली आणि शेपटीला तीन-तीन नखांचे गळ लटकतात. हनुवटीखाली एक पारदर्शक जीभ आहे. माझ्या नाकाला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोर बांधतात. तो ओढला की पाणी जिभेवर आपटतं, मी डोकं खाली घालून बुडी मारते आणि अंग हलवत चालू लागते, एखाद्या घाबरलेल्या पिल्लासारखी. दोर सैल सोडला की मी आपोआप वर येते. इंग्रजी पुस्तकं वाचणारे गळवाले मला लूर म्हणतात. आमच्या घरात मात्र मला नुसतं 'मासळी' म्हणत, आणि खऱ्या मासळीला 'खायची मासळी'.

पण हा माझा दुसरा जन्म. आधी मी केळं होते.

हसू नका. मला घडवणाऱ्या जानकीचं माहेर सावंतवाडीच्या चितारआळीतलं, लाकडी खेळण्यांच्या गल्लीतलं. तिचे वडील पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची फळं कोरत. जानकी लहानपणापासून त्यांना रंग देत असे. लग्नात वडिलांनी तिला एक ताट भरून फळं दिली. त्यात आंबा होता, सीताफळ होतं, वांगं होतं आणि मी होते. आमच्यावरचं काम असं होतं की पाहुणे कपाटाशी येऊन म्हणत, "वहिनी, केळं काळं पडायला आलंय, खाऊन टाका." जानकी हसायची. मुंबईत आल्यावर तिने ब्रश हातात धरला नव्हता. तो धरायला लावला तिच्या नवऱ्याच्या अडचणीने.

तिचा नवरा मधुकर विक्रोळीच्या एका कारखान्यात होता. आठवड्याचे सहा दिवस लोखंड, आणि रविवार पवईच्या तलावाचा. तिथे गळवाल्यांचं एक मंडळ होतं. मंडळातल्या जुन्या माणसांना पाण्यावर बांबू-फळ्यांची एकेक मचाण दिलेली असे. मधुकरच्या मचाणीवरून समोर टेकडी दिसायची, बगळे दिसायचे. रविवारी तो तिथे बसला की त्याच्या कपाळावरच्या आठ्या जात. आदल्या वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, काठी घेऊन तो चालू लागला. उजवा हात मात्र खांद्यापासून लोंबकळत राहिला. नोकरी सुटली. मित्र यायचे कमी झाले. उरली ती मचाण. दर रविवारी मुलगी मृणालिनी त्याला बसने पवईला नेई आणि तो तिथे नुसता, गळ न टाकता, पाण्याकडे बघत बसे.

मंडळाचा नियम असा होता की जो सभासद लागोपाठ दोन वर्षं वार्षिक स्पर्धा पार पाडणार नाही, त्याची मचाण पुढच्या माणसाला द्यायची. एक वर्ष तर गेलंच होतं.

त्या वर्षीची स्पर्धाही विचित्र निघाली. कणकेचा गोळा लावणारे जुने गळवाले आणि परदेशी लूर वापरणारे नवे गळवाले यांच्यात वर्षभर भांडण चाललं होतं. लूर म्हणजे नुसती शोभा, म्हणे. एका जागी चालते, दुसरीकडे वाट लागते. मंडळाचे पंच चंद्रप्रकाश सामंत यांनी भांडणाचा निकाल लावायचं ठरवलं. ते पोस्टातून निवृत्त झाले होते, आणि मिशा व शब्द दोन्ही जपून वापरत.

"प्रत्येकाने एकच लूर आणायची," त्यांनी जाहीर केलं. "पहिला रविवार पवईच्या खोल पाण्यात. दुसरा आरे कॉलनीतल्या उथळ, गवताळ तळ्यात. तिसरा गोराईच्या खाडीत. तिन्ही पाण्यांत तीच लूर चालली पाहिजे, ती परत आली पाहिजे, आणि तिन्ही मिळून निदान एक मासा लागला पाहिजे. गळ बदला, दोर बदला. पण तिचं अंग तेच, रंग तोच, जीभ तीच. एवढं झालं की स्पर्धा पार पाडली. मग पहिला नंबर कुणाचा ते मी बघेन."

सभासद आजारी असेल तर त्याच्या घरातली व्यक्ती उतरू शकते, असंही नियमात होतं. मृणालिनीने हात वर केला. ती सव्वीस वर्षांची होती, घाटकोपरला विमा कचेरीत कामाला जात होती. लहानपणी ती बाबांबरोबर गळ टाकायची. मोठी झाल्यावर आईने ते बंद केलं होतं.

"घरातली व्यक्ती म्हणजे मुलगा," मागून कुणीतरी म्हणालं.

"व्यक्ती म्हणजे व्यक्ती," सामंत म्हणाले. "नियम मी केलाय. मला माहीत आहे मी काय लिहिलं ते."

एवढं झालं, पण घरात लूर कुठे होती? मधुकरकडे एकच परदेशी लूर होती आणि ती मागेच पवईच्या खडकात अडकून तुटली होती. त्या काळी अशा वस्तू बोटीवर नोकरी करणाऱ्यांकडूनच मिळत. मंडळातल्या जयवंतचा भाऊ बोटीवर होता. जयवंतने त्याच्याकडून आलेली आपली लूर सगळ्यांना दाखवली. चंदेरी, लाल डोळ्यांची. "झकास आहे ना यार?" तो म्हणाला. झकास होतीच. पण ती एकच होती, आणि त्याची त्यालाच हवी होती.

त्या रात्री जेवताना मधुकर म्हणाला, "जाऊ दे. मचाण कोणीतरी चांगला माणूस घेईल."

जानकीने ताटात भात वाढला. तिला नवऱ्याच्या गळाचा कधी लोभ नव्हता. 'चार माशांसाठी अख्खा रविवार,' असं ती वीस वर्षं म्हणत आली होती. पण गेल्या वर्षभरात घरातल्या खुर्चीत बसलेला हा माणूस आणि मचाणीवरून परत आलेला तोच माणूस, यांतला फरक तिने पाहिला होता. ती इतर वेळी चांगलं मुंबईचं मराठी बोले. मनातून हलली की मात्र मालवणी बाहेर यायची.

"कशी दिसा होती ती तुमची लूर?" तिने विचारलं.

"दिसण्याचं सोड. चालायची कशी ते बघायला हवं होतं." मधुकरने डावा हात वर केला आणि हवेतून नेला. बोटं खाली, मनगट डावी-उजवीकडे लटलटतंय. "अशी. जड नाही, घाईत नाही. आजारी मासा घरी चाललाय असं वाटायचं."

"परत दाखवा."

त्याने परत दाखवलं. तिने पुन्हा विचारलं. मग ती उठली, कपाट उघडलं आणि ताटातून मला उचललं.

"आई, ते आजोबांचं केळं आहे!" मृणालिनी ओरडली.

"ठावक आसा माका. माझ्या बापाशीच्या हातचा आसा ता." जानकीने मला तळहातावर तोललं. "मुंबईत पांगारो खंय शोधतलय मी? आणि ह्या वाळलेला आसा. सत्तावीस वर्षं वाळलेला."

मित्रांनो, मला विळीवर ठेवताना तिचा हात थांबला. एकदाच. मग तिने मला दोन्हीकडून कापलं, मधला गुबगुबीत भाग ठेवला आणि सुरीने कोरायला बसली. मला दुखलं का, असं तुम्ही विचाराल. नाही. सत्तावीस वर्षं लोकांनी मला 'अगदी खऱ्यासारखं' म्हटलं होतं. आता मला काहीतरी करायला सांगणार होते.

चार-पाच संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात नुसती कटकट चालली होती. मधुकर सांगायचा, जानकी करायची, आणि दोघं भांडायची. सायकलच्या आरीच्या तारेतून नाकाची आणि पोटाची कडी वळवली. दारावरच्या नावाच्या जुन्या, पारदर्शक प्लास्टिकच्या पाटीचा फुटलेला तुकडा घासून जीभ केली. पोटात थोडं शिसं ओतलं. मग जानकीने माहेरची रीत काढली. चिंचोके भिजवून, वाटून त्यांची खळ केली, ती माझ्या अंगावर चढवली, वर रंग आणि रंगावर लाखेचा हात. पाठ हिरवट, पोट पिवळं, आणि काळ्या मण्यांचे डोळे.

"अगं, मासा काय हळदीच्या पिवळ्या रंगाचा असतो?" मधुकर म्हणाला.

"केळा होता ता. थोडा तरी ऱ्हवांदे."

मला चालवून बघायला पाणी हवं होतं. बादलीत मी वळायच्या आत काठाला आपटले. म्हणून एका सकाळी, पाणी सोडायच्या आधी, तिघंही गच्चीवर गेली आणि त्यांनी मला सोसायटीच्या टाकीत सोडलं. मृणालिनी टाकीच्या एका टोकाला उभी राहून दोर ओढू लागली. पहिल्या खेपेला मी कुशीवर पडले. लाख जास्त झाली होती. जानकीने काचेच्या कागदाने घासून काढली. दुसऱ्या खेपेला मी भोवऱ्यासारखी गरगर फिरले. जीभ लांब होती. मधुकरने ती डाव्या हाताने कानशीवर घासली, जानकीने मला धरून ठेवलं. तिसऱ्या खेपेला मी डोकं खाली घातलं आणि चालले. जड नाही, घाईत नाही. मधुकर टाकीच्या कडेला वाकून बघत राहिला. त्याचा डावा हात आपोआप हवेत तसाच चालायला लागला होता.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी नंदकिशोर वर आले. ते शुद्ध शाकाहारी होते आणि गच्चीची किल्ली जिवापाड सांभाळत.

"जानकीबाई! प्यायच्या पाण्यात मासा?"

"मासा कसला, लाकूड आहे ते. साबणाने आंघोळ घालून आणलंय."

"त्याला गळ आहेत!"

"मग तुम्ही तोंड लावून पिऊ नका."

"मी मीटिंगमध्ये विषय काढणार आहे."

"काढा. पण आधी बघा तरी कशी चालते ती."

नंदकिशोरनी नाखुशीने टाकीत डोकावलं. मृणालिनीने मला पुन्हा एकदा चालवलं. "हं," ते म्हणाले, आणि जरा वेळाने, "पुन्हा करा बरं." विषय त्यांनी मीटिंगमध्ये काढलाच, पण तो नंतर.

पहिल्या रविवारी पवईला गेलो. मला पाहून मंडळात हशा झाला. "हे काय, हळदीकुंकवाचं वाण आहे का?" एकाने विचारलं. मृणालिनीचे कान लाल झाले. तिने मला फेकलं. मधुकर मागे मचाणीवर बसून सांगत होता, "टोक खाली धर. जोरात ओढ. आता थांब." गळाच्या काठीचं टोक पाण्याकडे आणि हात जलद, की मी खोल खोल जायची. थंड, काळोख्या पाण्यात मी तळाच्या खडकावर जिभेने टकटक करत आले आणि परत आले. मासा लागला नाही. पण सामंत काठावरून दोराचा कोन बघत होते. त्यांनी 'चालते' अशी मान हलवली. जयवंतची चंदेरी लूर माझ्यापेक्षाही खोल गेली आणि तिने एक चांगला मासा आणला. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या रविवारी आरे कॉलनीत मात्र वेगळीच गंमत. तळं गुडघाभर, वर शेवाळ, खाली पाणगवत, काठाला म्हशी. जयवंतची लूर खोल जाणारी. ती पहिल्याच फेकीला चिखलात शिरली आणि गवताची पेंढी घेऊन आली. "वाट लागली यार," तो म्हणाला. दर खेपेला तेच. मृणालिनीने काठी उंच धरली आणि मला इतकं हळू ओढलं, की मी बुडी मारलीच नाही. पाण्याच्या पातळ पडद्याखालून, गवताच्या शेंड्यांवरून मी डुलत डुलत निघाले. इतक्यात गवतातून एक मरळ उसळली. डोकं सापासारखं, जबडा रुंद. तिने मला पाठीत धरलं, झिंजाडलं आणि सोडून दिलं. गळ लागलाच नाही. पाठीवर दातांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. जानकीने त्या रंगवून झाकायचं म्हटलं, तेव्हा मृणालिनी म्हणाली, "रंग तोच ठेवायचा आहे, आई. नियम आहे." बरं झालं. त्या खुणा मला दागिन्यासारख्या वाटतात.

म्हणजे दोन पाणी झाली आणि मासा एकही नाही. तिसऱ्या पाण्यात नाही लागला, तर मचाण गेली.

गोराईला जानकीही आली. आयुष्यात पहिल्यांदा ती स्पर्धा बघायला आली होती. डब्यात घावणे, नवऱ्याला उन्हासाठी टोपी, आणि चेहऱ्यावर 'मी आपली सहज आले' असा भाव. बोटीतून खाडी ओलांडली. भरती चढत होती. धक्क्याच्या बाजूला जुन्या, मोडलेल्या खांबांची रांग होती आणि पलीकडे तिवरांची मुळं. जिताडा, खाडीतला मोठा शिकारी मासा, अशाच अडगळीत दबा धरून बसतो.

मृणालिनीने मला फेकलं, टोक खाली धरलं, जोरात ओढलं. आणि मित्रांनो, मी बुडालेच नाही. पाण्याच्या वरच्या वर खडखडत, फेस उडवत, बदकाच्या पिल्लासारखी फरफटत आले. तिने पुन्हा फेकलं. तेच. आजूबाजूचे हसू लागले. मधुकरचा चेहरा उतरला. "जीभ वाकली का? बघ बरं. नाही? मग हिला झालंय काय?"

जन्मभर तो गोड्या पाण्यात गळ टाकत आला होता. मला तोललं होतं तेही सोसायटीच्या टाकीत, प्यायच्या पाण्यात. खाऱ्या पाण्याचा विचार तिघांपैकी कुणाच्याही डोक्यात आला नव्हता. आला तो जानकीच्या, तोही आत्ता. तिने कपाळावर हात मारला.

"अरे देवा! वेंगुर्ल्याक लहानपणी आमी समुद्रात नुसती पडान ऱ्हवायचो. खाऱ्या पाण्यात माणूस आपसूक तरंगता. मगे लाकूड कसा बुडात?"

"मग आता?" मृणालिनीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "अंग बदलायचं नाही आई. आतलं शिसं वाढवता येणार नाही."

जानकी इकडेतिकडे बघू लागली. धक्क्यावर एक कोळीण जाळं दुरुस्त करत बसली होती. जाळ्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या होत्या. जानकी तिच्यापाशी गेली. "बाय, एक गोळी देशील? पोरीचं अडलंय."

कोळणीने आधी मला पाहिलं, मग मृणालिनीला पाहिलं. "हा मावरा कोनी केला?"

"मी."

"डोले बरे केलेस गो," ती म्हणाली आणि एक गोळी काढून दिली. जानकीने ती दगडाने ठेचून पट्टी केली आणि माझ्या पोटाखालच्या गळाच्या दांड्याला गुंडाळली. खाली सोडून बघितलं, थोडी कापली, पुन्हा गुंडाळली. सोडल्यावर मी वर यायचे, पण आता सावकाश.

जयवंतच्या शेजारच्याने ओरड केली, "सामंतसाहेब, हे चालणार नाही! लूर बदलली!"

सामंत जवळ आले. त्यांनी मला वर उचलून फिरवून पाहिलं. सगळे थांबले. मला त्यांच्या मिशांचा वास येत होता, तपकिरीचा.

"जयवंत, तुझं काय म्हणणं?" त्यांनी विचारलं.

जयवंतची चंदेरी लूर तोवर तिवरांत अडकून तुटली होती आणि त्याच्या हातात नुसता दोर राहिला होता. तो सहज 'नाही' म्हणू शकला असता. "अंग तेच आहे ना," तो म्हणाला. "गळाला शिसं लावलंय. गळ बदला असं तुम्हीच म्हणालात. टाकू द्या तिला, यार. मला बघायचंय."

"अंग तेच, रंग तोच, जीभ तीच," सामंत म्हणाले. "टाक, पोरी."

ह्या खेपेला मी डोकं घातलं आणि उतरले. खारं पाणी जड होतं, पण मी चालले. पहिला खांब गेला. दुसऱ्या खांबाला माझी जीभ आपटली, मी बाजूला झाले. तिसऱ्याच्या बुडाशी मात्र दोन फळ्यांच्या फटीत माझं डोकं शिरलं आणि मी अडकले. वर दोर ताठ झाला.

"ओढ! हिसका दे!" चारही बाजूंनी आवाज आले. मृणालिनीने दात आवळले. मला कळत होतं, हिसका दिला की जीभ मोडणार. लूर परत आली नाही की स्पर्धा संपली.

"सैल सोड!" हा आवाज मधुकरचा होता. झटका आल्यापासून तो इतक्या मोठ्याने कधी बोललाच नव्हता. "मृणाल, अजिबात ओढू नकोस. सोड दोर! ती आपली आपण निघेल. ती लाकडाची आहे!"

मृणालिनीने काठी खाली केली. दोर सैल पडला. आणि मित्रांनो, माझ्या अंगातला पांगारा जागा झाला. मी मागे सरकले, फटीतून डोकं काढलं आणि सावकाश, शेपूट वर करून, वर निघाले. कुणी ओढत नव्हतं. मी माझी मी चालले होते.

त्याच क्षणी खांबाच्या सावलीतून जिताडा आला. असा धक्का मला पुन्हा कधी बसला नाही. तोंड उघडलं आणि मी पाण्यासकट आत गेले.

वर काय झालं ते मला नंतर ऐकून कळलं. काठी अर्धी वाकली. मधुकर ओरडत होता, "टोक वर! खांबाकडे जाऊ देऊ नकोस! डावीकडे, डावीकडे घे!" आणि जानकी त्याला सांगत होती, "गप ऱ्हवा तुमी! ती करता ता करूक द्या!" कोळीण जाळं टाकून उभी राहिली होती. जयवंत पायऱ्या उतरून कमरेएवढ्या पाण्यात शिरला आणि हातजाळं घेऊन उभा राहिला. "आण इकडे, आण, घाई नको करू," तो म्हणत राहिला. शेवटी जिताडा त्याच्या जाळ्यात आला. पाठ करडी, पोट चांदीचं, आणि ओठाच्या कोपऱ्यात लटकलेली मी, पिवळी धमक.

मृणालिनी मला त्याच्या ओठातून सोडवायला धक्क्यावर बसली. मधुकरने आधाराची काठी टाकली, डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

संध्याकाळी सामंतांनी निकाल सांगितला. "सगळ्यांत खोल गेली ती जयवंतची. दिसायला सगळ्यांत देखणी तीही त्याचीच. पण मला शोधायची होती हरकामी. हरकामी म्हणजे सगळीकडे पहिली येणारी नव्हे. हात सांगेल ते ऐकणारी. खोल म्हटलं की खोल, उथळ म्हटलं की उथळ, आणि सोड म्हटलं की सुटणारी. अशी आज एकच होती." मग ते मधुकरकडे वळले. "मचाण तुमचीच. फळ्या जरा बदलून घ्या, कुजल्यात."

मंडळाने मला पहिली म्हटलं. पुढे कित्येक वर्षं नवे गळवाले मला हातात घेऊन बघायचे. परदेशी पेट्यांमधून आलेल्या चकचकीत लूर माझ्या शेजारी ठेवून लोक म्हणायचे, "हिच्यासारखी चालते का ते सांग." मी गर्विष्ठ आहे असं तुम्हाला वाटेल. आहेच.

पण चांगले दिवस सगळ्यांचेच संपतात. आधी मधुकर गेला, आणि काही वर्षांनी मृणालिनीचीही नाशिकला बदली झाली. घरात गळ टाकणारं कुणी उरलं नाही. मला ओलीच डब्यात टाकून डबा माळ्यावर चढवला गेला. गळ गंजले, गंजाचे डाग पोटावर उतरले. डब्यात कुणीतरी दिलेली रबरी किड्यांसारखी आमिषं होती. उन्हाळ्यात ती वितळली आणि माझ्या पिवळ्या पोटाला चिकटली. रंग निघाला, लाख निघाली. अंधारात मी वाट बघत पडून राहिले, वर्षानुवर्षं.

त्या सगळ्या माणसांचं पुढे काय झालं, तेही सांगते.

मधुकर त्या स्पर्धेनंतर आठ वर्षं मचाणीवर बसला. डाव्या हाताने दोर फेकायला शिकला. वाईट फेकायचा, पण फेकायचा. १९९१ च्या पावसाळ्यानंतर एका दुपारी, तिथेच, पाण्याकडे बघता बघता गेला.

जयवंत मस्कतला नोकरीला गेला. सुट्टीवर आला की मुलुंडला यायचा आणि आधी मला विचारायचा, मग माणसांना. तो आता डोंबिवलीला असतो, नातवंडांत.

सामंतांनी स्पर्धेचा पंच व्हायचं सोडलं ते डोळे अधू झाले म्हणून. त्यांच्या जागी मंडळाने मृणालिनीला बसवलं. तेव्हा मागून कुणी काही बोललं नाही.

नंदकिशोरनी टाकीला कुलूप घातलं. मीटिंगमध्ये तसा ठराव झाला. मात्र मृणालिनी नवीन मासळी घेऊन आली की ते स्वतः किल्ली घेऊन वर यायचे आणि 'पुन्हा करा बरं' म्हणायचे. गेल्या वर्षी ते मुलाकडे पुण्याला गेले. किल्ली मृणालिनीकडे देऊन गेले.

आणि जानकी. मृणालिनी नाशिकहून परतली, तिने माळ्यावरचा डबा उघडला आणि मला तशी बघून ती रडली. जानकी तेव्हा ऐंशीच्या पुढे होती, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "दी हंय," ती म्हणाली. तिने मला हातात घेतलं आणि बोटांनी चाचपलं. नाक, जीभ, पाठीवरच्या खुणा, सोललेलं पोट. मग तिने चिंचोके भिजत घालायला सांगितले. नवं पिवळं पोट तिने जवळजवळ न बघता रंगवलं. ते आधीच्या पिवळ्याशी नीट जुळत नाही. नारंगीकडे झुकतं. त्या हिवाळ्यात ती गेली. तिने रंगवलेली शेवटची वस्तू मी आहे.

मृणालिनीही आता म्हातारी झाली. गुडघे दुखतात, पण रविवारी ती अजून मला घेऊन निघते.

मित्रांनो, वस्तू जपायची म्हणजे काय, ते मला विचारा. खाऱ्या पाण्यातून आणल्यावर गोड्या पाण्याने धुवा. कापडाने टिपा. गळाला तेलाचं बोट लावा. ओल्या वस्तूला झाकण लावू नका, रबराशेजारी रंग ठेवू नका. आणि अडकली तर हिसका देऊ नका, आधी सैल सोडून बघा. एवढं पुरतं. पण जपायचं म्हणून वापरायचं सोडू नका. माळ्यावरच्या त्या वर्षांत मला कुणी फेकलं नाही, कुणी तोडलं नाही, तरी मी जितकी झिजले तितकी खडकांवर कधी झिजले नव्हते.

तुमच्या घरात कुणाच्या हातची एखादी वस्तू पडून असेल, तर ती आज खाली काढा. पुसा. तिला तिचं काम द्या. माझं विचाराल, तर पाणी गोडं आणा, खारं आणा, गुडघाभर आणा की अथांग आणा. दोर बांधा आणि फेका. मी चालते.